16 वर्षांचा मुलगा 16 वर्षांचाच असतो

आमच्या विशेष मुलांच्या शाळेबद्दल लिही असं बरेच जण म्हणतात, आणि त्यांना वाटतं मी पणत्या रंगवणाऱ्या गोड मुलांबद्दल लिहीन, सोबत दोन छान फोटो टाकीन. मुलं गोड आहेतच, त्यात वादच नाही. पण आज मला मोठ्या मुलांबद्दल लिहायचंय, 12-13 पासून 18 पर्यंतच्या. कारण लहान असेपर्यंत यांचे गाल सगळे ओढतात आणि मिसरूड फुटली की तीच माणसं लिफ्टमध्ये यांच्यासोबत शिरायला कचरतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी थोडं शाळेविषयी. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका जुन्या बंगल्याचा तळमजला आमच्याकडे भाड्याने आहे. तीन खोल्या, एक हॉल, मागे पत्र्याची शेड. खाजगी आहे, अनुदान नाही, फी आणि देणग्या यावरच चालतं, आणि त्यात भाडं, व्हॅनचं डिझेल आणि पगार बसवताना दर महिन्याला कसरत होते. शिकवणाऱ्या आम्ही सगळ्या ताया, मदतीला दोन मावशी, व्हॅनवाले काका. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, ऑटिझमची, डाऊन सिंड्रोमची, सेरेब्रल पाल्सीची थोडी. सगळ्यात लहान 5 वर्षांचा आणि सगळ्यात मोठी मुलगी आता 18 ची होईल. जागा शोधताना आम्हाला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही, एवढंच सांगते की "लहान मुलं असतील तर चालेल, मोठी नकोत" हे वाक्य एकाच घरमालकाने म्हटलेलं नाही.

तर मुद्दा असा. ॲडमिशनला पालक येतात तेव्हा हातात जाडजूड फाईल असते, आणि फाईलमध्ये सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट. त्यात बहुतेक वेळा बिने-कामत टेस्टचा आकडा असतो आणि वाइनलँडचा. बिने-कामत म्हणजे बिनेची बुद्धिमत्तेची टेस्ट व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली ती, आणि वाइनलँड म्हणजे रोजच्या जगण्यातलं स्वतःचं स्वतः किती जमतं हे मोजणारी टेस्ट, तिचं आपल्याकडे वापरतात ते रूप नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरच्या डॉ. मालिन यांनी केलेलं. म्हणजे आपल्याच मातीतली कामं आहेत ही, आणि मदत किती लागणार हे ठरवायला, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटला, त्यांचा उपयोग आहेच. पण त्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते, मेंटल एज, म्हणजे बुद्धीचं वय, अमुक वर्षं अमुक महिने. आणि आई-बाबा सगळी फाईल विसरतात आणि ती एक ओळ पाठ करतात. "ताई, हा दिसायला 15 चा आहे, पण डॉक्टर म्हणाले बुद्धी 5 वर्षांची आहे, म्हणजे बाळच आहे हो हे."

नाही. बाळ नाही ते. ठराविक प्रश्नांची उत्तरं तो साधारण 5 वर्षांच्या मुलाइतकी देऊ शकला, एवढाच त्या ओळीचा अर्थ. 5 वर्षांच्या मुलाने 15 दिवाळ्या बघितलेल्या नसतात. त्याला आजोबा गेलेले आठवत नसतात, बहिणीचं लग्न ठरल्यावर घरात काय बदललं ते कळलेलं नसतं, त्याचा आवाज फुटलेला नसतो, आरशात बघून केस परत परत ओले करून बसवावेसे वाटत नसतात. आमच्या मोठ्या गटातला एक मुलगा 10 च्या पुढे आकडे मोजू शकत नाही पण व्हॅनमध्ये त्याच्या वयाच्या मुलीच्या शेजारी बसायला मिळालं की त्या दिवशी त्याचा मूड वेगळाच असतो, आणि ते अगदी 15 वर्षांच्या मुलाचंच वागणं आहे. बाळ समजून वाढवलं की होतं काय, आई त्याला 15 व्या वर्षीही आंघोळ घालते, भरवते, सगळ्यांसमोर कपडे बदलते, आणि मग एक दिवस तो लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर पँट काढतो आणि सगळे म्हणतात ही मुलं अशीच असतात. अशी नसतात. दार लावून कपडे बदलायचे हे कुणी शिकवलंच नाही त्याला, कारण सगळ्यांच्या मते तो बाळ होता.

एक गोष्ट मला खूप महत्त्वाची वाटते. डाऊन सिंड्रोम असलेल्या लोकांचं सरासरी आयुर्मान 1983 च्या आसपास अमेरिकेत 25 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 60 च्या घरात आहे. हृदयाची ऑपरेशन्स वेळेत व्हायला लागली, थायरॉइड तपासतात, इन्फेक्शनवर औषधं आहेत. आपल्याकडेही हृदयाचं ऑपरेशन झालेली मुलं आमच्या शाळेत धावतायत. म्हणजे आयुष्याची 10-12 वर्षं शाळा आणि पुढची 40 वर्षं मोठं माणूस म्हणून जगायचंय. तर मग शाळेत आम्ही कशाची तयारी करून घ्यायची? रंग ओळखण्याची? 16 व्या वर्षी लाल मणी लाल डबीत टाकायचे?

महाराष्ट्रात या मुलांच्या शाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईत जय वकील शाळा 1944 ची, वकील दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या स्वतःच्या मुलीसाठी सुरू केलेली. पुण्यात कामायनी 1964 ची. आता जय वकीलने तयार केलेला दिशा अभ्यासक्रम राज्यभरातल्या विशेष शाळांत पोचलाय आणि आम्हीही तोच धरून चालतो, कारण छोट्या शाळेला स्वतःचा अभ्यासक्रम बनवत बसणं परवडत नाही आणि गरजही नाही. पण कागदावरचा अभ्यासक्रम वेगळा आणि 14 वर्षांच्या, 70 किलोच्या, आज शर्ट घालायचाच नाही म्हणून बसलेल्या मुलासमोरचा अभ्यासक्रम वेगळा.

मोठ्या गटात आम्ही एक नियम पाळतो. कौशल्य कितीही साधं असू दे, वस्तू त्याच्या वयाची पाहिजे. जोड्या लावायच्या असतील तर सफरचंदाच्या चित्रांच्या नाही, मोज्यांच्या लावायच्या, डबे आणि झाकणांच्या, किल्ल्या आणि कुलपांच्या. बोटांना व्यायाम हवा असेल तर नट-बोल्ट, कपड्यांना चिमटे लावणं, लसूण सोलणं. बडबडगीतं बंद, स्पीकरवर त्यांना आवडतील ती गाणी, आणि झिंगाट नाचायचं असेल तर नाचू दे की. काही पालकांना हे आवडत नाही. त्यांना वाटतं पुस्तक-वही दिसली तरच शाळा. मला त्यांचा राग येत नाही, शेजारच्यांच्या मुलाच्या हातात दहावीचं पुस्तक असताना आपल्या मुलाच्या हातात लसूण बघणं सोपं नाही. पण लसूण सोलता येणारा मुलगा स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभा राहतो, तिथे बोलणं होतं, घरात त्याला जागा तयार होते.

शिकवायची पद्धत म्हणजे काम बारीक तुकड्यांत तोडायचं. शर्टचं बटण लावणं हे आपल्याला एक काम वाटतं, आमच्या वहीत त्याच्या आठ-नऊ पायऱ्या असतात. आणि बऱ्याचदा शेवटच्या पायरीपासून उलटं शिकवायचं, म्हणजे बटण काजातून अर्धं आम्ही घालायचं आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याने करायचं, म्हणजे पहिल्याच दिवशी "झालं!" हे त्याच्याच हातून होतं. मग हळूहळू आपण मागे सरकायचं. यात महिने जातात. एकेका मुलाला चेन लावायला वर्ष लागतं आणि ते वर्ष वाया गेलेलं नसतं, पुढची 40 वर्षं तो पब्लिक टॉयलेटमध्ये कुणाला हाक मारणार नाही, एवढं मिळतं त्यातून.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. पाळी. मुलीची पाळी सुरू झाली की आई पहिल्यांदा रडते, हे अगदी ठरलेलं. त्यांना वाटतं ही कसं सांभाळणार. आम्ही पाळी यायच्या आधीच सुरू करतो, साधारण 10 व्या वर्षापासून. मोठी कापडी बाहुली, तिची निकर, पॅड, आणि लाल रंगाचं पाणी. निकरवर मार्करने पॅडचा आकार आखून ठेवायचा म्हणजे कुठे चिकटवायचं ते डोळ्याला दिसतं. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं आणि डब्यात टाकायचं, हात धुवायचे, कॅलेंडरवर लाल टिंब करायचं. बहुतेक मुली शिकतात. काही पूर्ण शिकतात, काहींना शेवटपर्यंत थोडी मदत लागते, पण "जमणारच नाही" अशा फार थोड्या.

हे एवढं सविस्तर लिहिते कारण अजूनही, आजही, पालक दबक्या आवाजात विचारतात, "ताई, पिशवी काढून टाकली तर?" 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये ऑपरेशन करून काढली होती, कारण काय तर पाळीची स्वच्छता जमत नाही. केवढा गदारोळ झाला होता, महिला संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा ती ऑपरेशन्स थांबली. इतक्या वर्षांनंतरही तोच प्रश्न येतो तेव्हा मी आईला शांतपणे एकच विचारते, काळजी पाळीची आहे की कुणी काही करेल याची? बहुतेक वेळा दुसरीच असते. आणि मग सांगावं लागतं की पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त दिवस जात नाहीत, म्हणजे झालेलं कळायचा एक मार्गही बंद होतो. मुलीला वाचवायचं असेल तर तिला "नको" म्हणता आलं पाहिजे आणि ती "नको" म्हणाली की घरातल्यांनी ते ऐकलं पाहिजे, अगदी मावशीने पापी मागितली आणि ती नको म्हणाली तरीसुद्धा. रोज जिचं नको कुणी ऐकत नाही ती नेमक्या वेळी नको कशी म्हणेल? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन अत्याचार केला तर तो जास्त गंभीर गुन्हा धरलाय, आणि आम्हाला शाळेत काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे मी ॲडमिशनच्याच दिवशी सांगते.

यासाठी आम्ही हॉलच्या फरशीवर खडूने गोल काढतो. मधे तू. पहिल्या गोलात आई-बाबा, आजी, ताई-दादा, हे मिठी मारू शकतात. पुढच्या गोलात शाळेतल्या ताया, मित्र, यांना हाय-फाइव्ह, म्हणजे टाळी. पुढे दुकानदार, शेजारी, यांना नमस्कार. बाहेर अनोळखी माणसं. मुलं खरंच त्या गोलांत उभी राहतात, आम्ही एकेकाचा फोटो ठेवतो. 6 वर्षांचं डाऊन सिंड्रोमचं मूल रस्त्यात दिसेल त्याला मिठी मारतं आणि सगळे किती प्रेमळ किती प्रेमळ म्हणतात, तेच मूल 16 व्या वर्षी अनोळखी बाईला मिठी मारतं तेव्हा मार खातं. सवय तीच, बदललं फक्त वय. म्हणून नमस्कार 6 व्या वर्षीच शिकवायचा, आणि नातेवाइकांनो प्लीज, "ये रे मिठी मार" म्हणू नका, तुमच्या दोन मिनिटांच्या कौतुकाची किंमत नंतर तो मोजतो.

मुलग्यांचंही तसंच. वयात येणारा मुलगा स्वतःच्या शरीराला हात लावणार, सगळेच लावतात. इतर मुलांना कुठे आणि कधी हे आपोआप कळतं, आमच्या मुलांना ते सांगावं लागतं. फटके मारून, "शी, घाण" म्हणून काही होत नाही, उलट हट्ट वाढतो. वर्गात झालं तर आवाज न चढवता हाताला काम द्यायचं, चित्राचं कार्ड दाखवायचं, घर, माझी खोली, दार बंद. घरीही तेच कार्ड. आणि हे बाबांनी करायला हवं. मी बाबांना मुद्दाम बोलावून घेते. आमच्याकडे एका बाबांनी मुलाला ट्रिमरने दाढी करायला शिकवली, ब्लेड नाही, ट्रिमर, रविवारी सकाळी दोघं आरशासमोर उभे राहून. त्या आईने मला सांगितलं की तेव्हापासून आंघोळीचं कामही बाबांनी घेतलं आणि आता तर मुलगा पाठ सोडली तर सगळं स्वतः करतो. आईची कंबर गेलेली होती हो, 65 किलोच्या मुलाला उचलून उचलून.

फिट्सबद्दलही थोडं, कारण वयात येताना काही मुलांना पहिल्यांदा फिट येते, ऑटिझममध्ये तर या वयात हे दिसतं. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काही नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला, आणि घड्याळ बघायचं. 5 मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिलेला असेल तर तो, त्यांनी सांगितला तसा. आणि गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून मनाने बंद करायच्या नाहीत. व्हॅनवाल्या काकांनासुद्धा हे पाठ आहे.

आता आनंदाचं. मागच्या शेडमध्ये भडंग होतं. सांगलीत राहून दुसरं काय करणार! मसाला आणि परतणं मावशी बघतात, मुलं लसूण सोलतात, शेंगदाणे निवडतात, पाकिटात भरतात, वजन करतात, सील करतात. मघाशी सांगितलेला तो 10 च्या पुढे न मोजणारा मुलगा वजन करतो. कसं? काट्यावर आम्ही हिरवी पट्टी चिकटवलीय, सुई पट्टीत आली की बस, आली नाही की अजून थोडं. 200 ग्रॅम म्हणजे काय हे त्याला सांगता येणार नाही पण त्याचं पाकीट कुणीही तपासून बघा. एक मुलगी फक्त लेबल लावते आणि तिरकं लागलेलं तिला अजिबात चालत नाही, दुसऱ्याने लावलेलं पण काढून परत लावते, ऑटिझममुळे घरी ज्या गोष्टीचा त्रास होतो तीच इथे कामाला येते. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी, रजिस्ट्रेशन केलंय, टोप्या, हातमोजे, सगळं नीट. शनिवारी प्रत्येकाला पाकिटात मानधन मिळतं. रक्कम छोटी आहे. पण ते बँकेत भरू नका, त्याच्या हातात राहू दे असं आम्ही पालकांना सांगतो. एकाने पहिल्या पैशांतून आजीला गजरा नेला, त्याला कुणी सुचवलं नव्हतं.

18 नंतर काय हा प्रश्न सगळ्यांना असतो आणि तो 17 व्या वर्षी विचारून उपयोग नाही. आई-बाबा 18 पर्यंत नैसर्गिक पालक असतात, त्यानंतर कायद्याने मूल सज्ञान होतं. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा, पुढची बहुतेक कामं त्याच्यावर अडतात. निरामय हा आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. आणि हे ऐकून पालक चमकतात, पण कोर्टाने तशा अर्थाचा निर्णय दिलेला नसेल तर आपल्या मुलाचं नाव मतदार यादीत येऊ शकतं. आमच्या मोठ्या मुलीचं वय होईल तेव्हा तिचा फॉर्म भरायचाय, तिच्या वडिलांच्या मी आत्तापासूनच मागे लागलेय.

मूल 7-8 वर्षांचं असेल तर हे सगळं लांबचं वाटतं, मला माहितीये. पण दार लावून कपडे बदलणं, नमस्कार, "नको" ऐकणं, स्वतःचं ताट उचलणं, हे 7 व्या वर्षीच सुरू होतं. मोठेपणाची शाळा वेगळी नसते.

नवीन वर्षापासून मोठ्या गटाला आम्ही दर शनिवारी बाजारात नेणार आहोत, दोघा-दोघांच्या जोडीने, चिठ्ठीवर चित्रं काढलेली यादी घेऊन. विश्रामबागमधल्या दुकानदारांना हे आधीच जाऊन सांगणार आहोतच, पण इथे कुणी वाचत असेल तर एवढी विनंती. मुलगा काउंटरवर आला की "काय पाहिजे" हे त्याला विचारा, मागे उभ्या असलेल्या ताईला नाही. तो चिठ्ठी काढेपर्यंत, नोट शोधेपर्यंत वेळ लागेल, थांबा. सुट्टे त्याच्याच हातात द्या. चॉकलेट फुकट देऊ नका, घ्यायचं असेल तर तो विकत घेईल, त्याच्याकडे पैसे आहेत.